तुम्ही कुठला पाठ खेळलात?

गेमबद्दल लिहिणारे लोक साधारण दोन तऱ्हेचे असतात. पहिले कथा, पात्रं, संगीत, लढायांची रचना यांबद्दल लिहितात. दुसरे ग्राफिक्स कार्डाचं नाव, रिझोल्यूशन आणि सेकंदाला किती फ्रेम मिळाल्या याचे तक्ते देतात. या दोघांची गाठ क्वचितच पडते. अर्थाबद्दल बोलणारे आकड्यांकडे बघत नाहीत आणि आकडे मोजणारे अर्थापाशी थांबत नाहीत. आपण खेळणारी माणसं मात्र या दोघांच्या मधल्या जागेत राहतो. गेम उघडतो, अडखळतो, मग आपण सेटिंग्जमध्ये जातो. सावल्या कमी करतो, धुकं बंद करतो, गवत छाटतो आणि जे उरेल ते खेळतो. माझं म्हणणं असं की हे उरलेलं म्हणजेच आपण अनुभवलेली कलाकृती, आणि समीक्षेने तिच्याबद्दल बोलायला हवं.

मराठी वाचकाला यात फार नवल वाटू नये. पाठभेद ही गोष्ट आपल्याला जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकला होता होता चुका शिरल्या, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत तयार केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते १९६६ पर्यंत चाललं. वेगवेगळ्या प्रांतांतल्या पोथ्या समोर ठेवून एकेका श्लोकाचे पाठ ताडून पाहायचे, असं ते काम होतं. तुमच्या हातातली प्रत आणि दुसऱ्याच्या हातातली प्रत एकच असेलच असं नाही, हे गृहीत धरूनच हे अभ्यासक कामाला बसले.

गेमच्या बाबतीत तर प्रत्येक मशीन स्वतःची नक्कल करतं. फरक इतकाच की इथे नक्कल करणारा लेखनिक स्वतः खेळाडूच असतो. कुठली ओळ गाळायची आणि कुठली ठेवायची, हे तो सेटिंग्जच्या पडद्यावर ठरवतो.

पडदा वाचायचा कसा

हा पडदा नीट वाचला तर त्यात गेमच्या निर्मात्यांचं मत दिसतं. काय काढलं तरी आपला गेम आपलाच राहतो, याची ती यादी असते. शत्रू किती असावेत याचा पर्याय तिथे सहसा नसतो, पण गवत किती दाट असावं याचा असतो. म्हणजे शत्रू हा मजकूर झाला आणि गवत ही सजावट. ही वाटणी नेहमी बरोबर असते का?

फोनवर बीजीएमआय खेळणाऱ्या कुणालाही विचारा. फोन कितीही महागडा असो, जिंकायला खेळणारे बरेचजण ग्राफिक्स ‘स्मूथ’वर ठेवतात आणि फ्रेम रेट ‘एक्स्ट्रीम’ किंवा त्याच्याही वर नेतात. चित्र साधं चालेल, हालचाल मात्र लोण्यासारखी हवी. अशा मोठ्या मैदानांच्या खेळात दूरचं गवत काढलंच जात नाही, कारण ते काढायला लागणारी ताकद कुठल्याच फोनकडे फुकट नसते. मग गंमत होते. गवतात पालथा पडलेला खेळाडू स्वतःच्या पडद्यावर पानांनी झाकलेला असतो. दूरवरून स्कोप लावून बघणाऱ्याला तोच उघड्या जमिनीवर पडलेला दिसतो. एकाच मैदानात दोन पाठ आमनेसामने येतात आणि त्यातला एक माणूस मरतो. त्या क्षणी गवत ही सजावट उरत नाही.

म्हणून कुठला पर्याय काय करतो हे कळणं ही निव्वळ तांत्रिक हौस नाही. टेक्स्चर म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं. त्यांना कार्डाच्या वेगापेक्षा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत जागा लागते. सावल्या महाग असतात, कारण सावली काढायला तेच दृश्य दिव्याच्या जागेवरून पुन्हा एकदा मोजावं लागतं. रिझोल्यूशनचा हिशेब तर सरळ गुणाकाराचा आहे: १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, १२८० गुणिले ७२० म्हणजे ९ लाख २१ हजार ६००. अर्ध्याहून कमी. उलट तिरक्या जमिनीवरचा पोत स्पष्ट ठेवणारं अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग आजच्या कार्डांवर जवळपास फुकटात मिळतं, तरी पुष्कळ लोक घाबरून तेही बंद करतात आणि रस्ता दहा पावलांवर चिखलासारखा करून घेतात.

गेम अडखळतो तेव्हा तो कसा अडखळतोय हे आधी बघायचं. लॅपटॉप असेल तर पहिली शंका अशी की गेम खऱ्या ग्राफिक्स कार्डावर चालतोय की प्रोसेसरमधल्या छोट्या चिपवर. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंग्जमध्ये त्या गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ नेमून दिलं की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. सगळा वेळ एकसारखा संथ असेल तर सावल्या, प्रतिबिंबं आणि रिझोल्यूशन कमी करायचं. बराच वेळ सुरळीत चालून मान वळवताच झटका बसत असेल, तर बहुधा कार्डाची मेमरी भरलेली असते आणि टेक्स्चर साध्या रॅममधून ओढून आणावी लागतात. तिथे सावल्या घटवून फारसा फायदा नाही, टेक्स्चरच एक पायरी खाली आणावी लागतात. एखादा स्फोट पहिल्यांदा दिसतानाच अडखळलं आणि दुसऱ्यांदा नाही, तर तो दोष शेडरचा. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं असल्यामुळे हे छोटे प्रोग्रॅम तिथे आधीच तयार करून देता येतात. पीसीवर ते त्या त्या कार्डासाठी नव्याने तयार करावे लागतात. आणि फ्रेम ४० ते ५५ च्या मध्ये उड्या मारत असतील, तर त्या ३० वर बांधून टाकणं डोळ्यांना अधिक सुखाचं असतं. दर ३३.३ मिलिसेकंदांनी येणारी फ्रेम ही ठेका धरून चालते. कधी १८, कधी २५ मिलिसेकंदांनी येणारी फ्रेम ठेका चुकवते, आणि वेगापेक्षा ठेका चुकलेला लवकर जाणवतो.

ब्लाइटटाउनचा ठेका

सेटिंग्ज आणि अर्थ यांचा संबंध मला ‘डार्क सोल्स’इतका ठळकपणे दुसरीकडे दिसलेला नाही. हा गेम २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला. त्यात ब्लाइटटाउन नावाची जागा आहे. कड्याला टांगलेल्या कुजक्या फळ्या, विषारी सुया फुंकणारे लपलेले शत्रू आणि तळाशी विषारी दलदल. कन्सोलवर या जागेत फ्रेम रेट बदाबदा कोसळायचा. सेकंदाला ३० फ्रेमच्या उद्दिष्टापासून गेम इतका खाली यायचा की अरुंद फळीवर पाय टाकणं हाच जुगार व्हायचा. त्या काळात खेळलेले लोक आजही ब्लाइटटाउनची आठवण काढतात तेव्हा विष आणि अडखळणं एकाच वाक्यात येतं. त्यांच्या पाठात ती दलदल मशीनलाही लागलेली होती.

मग चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली आणि ऑगस्ट २०१२ मध्ये गेम पीसीवर आला. आला तो असा की तुमच्याकडे कितीही मोठा पडदा आणि कितीही दमदार कार्ड असो, आतलं चित्र १०२४ गुणिले ७२० वरच काढलं जायचं आणि मग ताणून मोठं केलं जायचं. सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशन वाढवा, फक्त ताण वाढायचा. ड्युरांटे या टोपणनावाच्या मॉडरने लगेचच ‘डीएसफिक्स’ नावाची छोटीशी दुरुस्ती काढली. तिला सुबक मेन्यू नव्हता. एक साधी मजकुराची फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, आकडा बदलायचा, सेव्ह करायची. त्या एका आकड्याने लॉर्ड्रानच्या भिंतींवरचं कोरीव काम पहिल्यांदा स्पष्ट दिसू लागलं. पुढच्या आवृत्त्यांत फ्रेमची ३० ची मर्यादा उठवण्याची सोयही आली.

आणि इथेच खरी गोष्ट कळते. ६० फ्रेमवर खेळताना पात्राची उडी थोडी आखूड पडायची. शिडीवरून घसरत खाली आलात तर कधी जमिनीतून आरपार जाऊन मरायचात. कारण गेमचे काही हिशेब घड्याळावर नव्हते, फ्रेमवर होते. पुढे ‘डार्क सोल्स २’मध्येही असंच झालं: पीसीवर ६० फ्रेमने खेळणाऱ्यांची शस्त्रं ३० फ्रेमवाल्यांपेक्षा लवकर झिजत होती, आणि ते दुरुस्त करणारा पॅच यायला २०१५ उजाडलं. ज्याला आपण चित्राचा गुळगुळीतपणा समजत होतो, तो त्या जगाचा भौतिक नियम निघाला.

मला हे दोष म्हणून महत्त्वाचे वाटत नाहीत. ‘ग्राफिक्स’ आणि ‘गेमप्ले’ अशी जी भिंत आपण सोयीसाठी घालतो, ती आत शिरल्यावर सापडत नाही याचा तो पुरावा आहे. २०१८ च्या ‘रिमास्टर्ड’ आवृत्तीत ब्लाइटटाउन ६० फ्रेमने सुरळीत चालतं. मी तिथून गेले तेव्हा मला जागा कठीण वाटली, पण जुन्या खेळाडूंच्या बोलण्यातली ती दहशत तिथे नव्हती. फळी कुठे संपते ते दिसत होतं आणि पाय तिथेच पडत होता. हा पाठ अधिक शुद्ध आहे यात शंका नाही. पण शुद्ध पाठ आणि लोकांच्या आठवणीत राहिलेला पाठ यांत अंतर असतं, हे पोथ्यांचे अभ्यासक आपल्याला सांगू शकतील.

धुकं काढल्यावर

कमी ताकदीतून अर्थ कसा उभा राहतो याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ‘सायलेंट हिल’चं. १९९९ मधल्या पहिल्या प्लेस्टेशनला आख्खं गाव एकदम काढणं झेपत नव्हतं. निर्मात्यांनी गावावर धुकं पसरलं. चार पावलांपुढचं मशीनला काढावं लागू नये म्हणून आलेलं धुकं खेळणाऱ्याला भीती वाटायला लावू लागलं, आणि पुढे तेच या मालिकेची ओळख झालं.

दुसरा भाग २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. त्याची ‘एचडी कलेक्शन’ आवृत्ती २०१२ मध्ये निघाली, तेव्हा ती करणाऱ्यांच्या हाती मूळ गेमचा अंतिम सोर्स कोड नव्हता. नव्या प्रतीत धुकं विरळ झालं आणि जिथे गावाची जमीन संपते ती कडा उघडी पडली. रिझोल्यूशन वाढलं होतं, कडा धारदार झाल्या होत्या, आणि भीती गळून गेली होती. ‘अधिक दिसणं’ म्हणजे ‘अधिक चांगलं दिसणं’ असं मानणाऱ्या प्रत्येकाने ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघावीत.

यातून मी एक कसोटी काढते. ‘लो’वरचा गेम वाईट दिसतो का, हा प्रश्न बाजूला ठेवू. ज्या गोष्टीवर गेमचा सगळा डोलारा उभा आहे, ती ‘लो’वर टिकते का? भीतीच्या गेममध्ये सावलीवर कात्री चालली की गेम गेला; झाडांची पानं कमी झाली तर काही बिघडत नाही. शर्यतीच्या गेममध्ये दूरचं वळण वेळेत दिसायला हवं. प्रेक्षकांचे चेहरे पुठ्ठ्याचे असले तरी चालतात. चांगला निर्माता ‘लो’सुद्धा रचतो. वाईट निर्माता ‘अल्ट्रा’ रचतो आणि त्याची पिसं उपटून खाली ठेवतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी’ मला या कसोटीवर आवडतो. २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर आला, मग पीसीवर. म्हणजे हातात मावणाऱ्या, बेताच्या ताकदीच्या यंत्रावर त्याला सुरुवातीपासूनच उभं राहायचं होतं. त्यात कॅमेरा खेळाडूच्या हातात नाही. चौकट निर्मात्यांनी ठरवलेली आहे. कथा सांगायला भिंतींवरची चित्रं आणि बाहुल्यांचा छायाखेळ आहे. सपाट रंग आणि स्पष्ट आकृती यांवर उभं राहिलेलं सौंदर्य एक पायरी खाली उतरवलं म्हणून कोसळत नाही. त्याच्या लढाया मला एकसुरी वाटतात, उड्या मारण्याच्या जागा कधी कधी खोळंबवतात. पण त्याचं चित्र महागड्या कार्डाच्या दयेवर नाही, आणि ही कलेच्या विचाराची बाब आहे.

दुरुस्ती कुणाच्या खर्चाने

आता कटू भाग. डीएसफिक्सची गोष्ट सांगताना आपल्याला त्या मॉडरचं कौतुक वाटतं, वाटायलाच हवं. पण ती दुरुस्ती एका माणसाने फुकट केली आणि तिचा फायदा विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीला झाला, हेही खरं आहे.

‘बॅटमॅन: आर्कम नाइट’ २३ जून २०१५ ला पीसीवर आला. तो ३० फ्रेमवर बांधलेला होता आणि दमदार कार्डांवरही अडखळत होता. खेळाडूंनी फायली उघडून ती मर्यादा काढायच्या युक्त्या एकमेकांना सांगितल्या. काही दिवसांतच प्रकाशकांनी पीसी आवृत्तीची विक्रीच थांबवली. ती पुन्हा सुरू झाली ती ऑक्टोबरच्या शेवटी. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ जुन्या कन्सोलवर इतक्या वाईट अवस्थेत आला की सोनीने आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्ये परत घेतला. कन्सोलवर तर बदलायला सेटिंग्जही फारशा नसतात. तिथला खेळाडू नुसता वाट बघतो.

हल्ली या दुरुस्तीचं ओझं दुसऱ्या मार्गाने सरकवलं जातं. अपस्केलिंग, म्हणजे लहान चित्र काढून ते हुशारीने मोठं करणं, ही माझ्यासारख्या जुन्या कार्डवाल्यांना मिळालेली खरी देणगी आहे. एनव्हिडियाचं डीएलएसएस फक्त त्यांच्या आरटीएक्स कार्डांवर चालतं. एएमडीचं एफएसआर २०२१ मध्ये आलं तेव्हा ते जुन्या कार्डांवरही, अगदी प्रतिस्पर्ध्याच्या कार्डांवरही चाललं. पण म्हाताऱ्या कार्डासाठी आलेली काठी आता धडधाकट कार्डांच्याही हातात दिली जाते. ‘अलन वेक २’ २०२३ मध्ये आला तेव्हा त्याच्या किमान गरजांच्या यादीतच अपस्केलिंग धरलेलं होतं. तो गेम देखणा आहे आणि त्याच्या अंधारावर मेहनत दिसते, तेव्हा तिथे मी हे समजून घेते. इतर कितीतरी ठिकाणी मात्र तेच बटण आळसावर पांघरूण घालतं.

या सगळ्याचा भार सारखा वाटला जात नाही. स्टीमच्या मासिक सर्वेक्षणात गेली कित्येक वर्षं सर्वाधिक वापरलं जाणारं रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० हेच आहे. जाहिराती मात्र ४के दाखवतात. आपल्याकडे तर एका भारी कार्डाच्या किमतीत आख्खा लॅपटॉप येतो आणि तो घरातल्या दोघा-तिघांत वापरला जातो. ‘अल्ट्रावर नाही खेळलास म्हणजे खेळलाच नाहीस’ हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून, इतक्या मुलांना उद्देशून ऐकलं आहे की ते मला आता गेमबद्दलचं वाटतच नाही. कुणाच्या अनुभवाला अनुभव म्हणायचं, याबद्दलचं ते वाक्य आहे. ज्याने चार जीबी मेमरीच्या कार्डावर, पंखा घोंघावत असताना, सावल्या बंद करून एखादा गेम शेवटापर्यंत नेला, त्याने तो पुष्कळदा अधिक बारकाईने वाचलेला असतो. कशावाचून चालतं आणि कशावाचून चालत नाही, हे त्याला प्रत्येक पर्यायागणिक ठरवावं लागलेलं असतं.

इथे एक आक्षेप येईल. चित्राची झेरॉक्स बघून चित्राबद्दल बोलता येतं का? आक्षेप वजनदार आहे, पण तो गेमला लागू पडत नाही. चित्राला मूळ असतं. ते कुठल्या तरी भिंतीवर टांगलेलं असतं आणि झेरॉक्स त्याच्याशी ताडून बघता येते. गेम मात्र चालू असतानाच अस्तित्वात असतो, आणि तो प्रत्येक वेळी कुठल्या तरी एका यंत्रावरच चालतो. दहा वर्षांनी आजचं ‘अल्ट्रा’ फोनवर चालेल आणि तेव्हाच्या पोरांना ते ‘लो’ वाटेल. सर्वोच्च सेटिंग म्हणजे मूळ प्रत नाही. ती फक्त त्या वर्षीची सगळ्यात महाग प्रत आहे.

म्हणून समीक्षेकडून माझ्या मागण्या साध्या आहेत. परीक्षण लिहिणाऱ्याने आपला पाठ सांगावा: कार्ड कुठलं, सेटिंग्ज कुठल्या, काय बंद केलं आणि बंद केल्यावर गेममध्ये काय हरवलं. ‘लो’वरही एक तास खेळून बघावं आणि तिथे रचना दिसते की भंगार, ते लिहावं. सेटिंग्जचा पडदा प्रामाणिक आहे का, तेही लिहावं. २०१५ मध्ये पीसीवर आलेल्या ‘जीटीए ५’मध्ये प्रत्येक बदलाबरोबर कार्डाची किती मेमरी भरते हे दाखवणारी पट्टी होती. २०१९ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल २’मध्ये तशी पट्टी तर होतीच, शिवाय पर्याय बदलल्यावर काय फरक पडेल हे चित्रासकट दाखवलं होतं. खेळाडूला लेखनिकाचं काम करायला लावायचंच असेल, तर निदान त्याच्यासमोर मूळ पोथी उघडी ठेवायची, इतकी सभ्यता त्या पडद्यांत होती. नुसतं ‘लो, मीडियम, हाय’ लिहून हात झटकणाऱ्या गेमचे गुण मी तिथेच कापते.

आणि तुम्ही पुढच्या वेळी सेटिंग्जमध्ये शिराल, तेव्हा यूट्यूबवरची ‘बेस्ट सेटिंग्ज’ डोळे मिटून टाकण्याआधी एकदा स्वतः यादी वाचा. एकेक पर्याय बदला, त्याच जागी उभं राहून बघा. काय गेलं आणि त्याने तुमचं काही अडलं का, हे स्वतःला विचारा. फ्रेम तर वाढतीलच. शिवाय हा गेम नेमका कशाने बनला आहे, हे परीक्षणं वाचून जितकं कळतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त तुम्हाला त्या अर्ध्या तासात कळेल.